सतरा तक्रारी आणि एक लिफ्ट

"सिनेटर बाईंना येऊ दे फक्त," आर्डेल थॉर्सन म्हणाला, "दहा मिनिटांत त्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो की नाही बघ!"

नेब्रास्कातल्या त्या माजी सैनिकांच्या निवासात रहिवाशांची एक परिषद होती आणि आर्डेल तिचा अध्यक्ष. निवृत्त सार्जंट, वय ऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र अजून कवायतीच्या मैदानावरचा. परिषदेने तक्रारी लिहायच्या, त्या राजधानीतल्या कचेरीत जायच्या आणि तिथून सुबक छापील आभारपत्र यायचं. आभारपत्रांनी एक अख्खा खण भरला होता.

आता विधिमंडळात एक विधेयक आलं होतं. रहिवाशांच्या प्रतिनिधीने वर्षातून दोनदा समितीपुढे जाऊन स्वतः बोलावं, मध्ये कचेरी नको, पत्र नको. समितीत निम्मे लोक बाजूने, निम्मे विरुद्ध, आणि सिनेटर डोरीन काल्व्हर बाईंचं काही ठरत नव्हतं. म्हणून त्या गुरुवारी निवास बघायला येणार होत्या.

आर्डेलला हे विधेयक हवं होतं ते ओटिसपायी. ओटिस त्याचा पत्त्यांचा भिडू, तिसऱ्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीत. इमारतीला लिफ्ट एकच, आणि तिने सहा आठवड्यांपूर्वी राम म्हटला होता. ओटिसला उतरता येईना, आर्डेलला जिना चढवेना. तेव्हापासून एक खिडकीत, एक अंगणात, असा ओरडून डाव चालायचा. कोणाच्या हातात काय आलंय ते स्वयंपाकघरालासुद्धा ऐकू जायचं. यात खेळाची सगळी मजा गेली होती आणि ओटिस हल्ली जेवतही कमी होता.

सोमवारी जेवणघरात आर्डेलने घोषणा केली. "गुरुवारी सिनेटर पाहणीला येताहेत! बंद लिफ्ट, गळकं छप्पर, गार बटाटे, आहे तसं सगळं त्यांना दिसलं पाहिजे."

चूक झाली ती इथेच. चाळीस जुन्या सैनिकांसमोर 'पाहणी' म्हटल्यावर पुढचं वाक्य ऐकतो कोण!

मंगळवारी सकाळी लॉरेटा, ही पूर्वी लष्करात नर्स, पलंगावर चादर ताणताना दिसली. इतकी ताणलेली की टाकलेलं नाणं उडून खिडकीबाहेर गेलं असतं.

"अगं, काय चालवलंयस?"

"पाहणी आहे ना गुरुवारी."

"पण आपल्याला हाल दाखवायचे आहेत!"

"हाल दाखव की. सुरकुत्या कशाला दाखवायच्या?"

जेवणघरातली गळतीची बादली गायब झाली. तिच्या वरचा, छतावरचा डाग कोणीतरी पांढरा रंग लावून मिटवला. दारांच्या पितळी मुठी अशा चमकायला लागल्या की आर्डेलला प्रत्येक मुठीत आपलं चिडलेलं तोंड दिसायचं. बुधवारी दुपारी जहाजांच्या इंजिनघरात तीस वर्षं काढलेला व्हर्जिल काळ्याकुट्ट तोंडाने लिफ्टच्या खड्ड्यातून वर आला.

"झाली चालू," तो म्हणाला. "पण पाहणी होईपर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"तूच. पाहणी आहे म्हणालास ना?"

"आणि सहा आठवडे काय झोपला होतास?"

"सहा आठवड्यांत पाहणी कुठे होती?"

आर्डेलने कपाळावर हात मारला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या हातात बुटांचं पॉलिश आहे आणि आपण सकाळपासून तिसऱ्यांदा बूट घासतोय.

गुरुवारी काल्व्हर बाई आल्या आणि थक्क झाल्या. नवा व्यवस्थापक प्रूइट त्यांच्याहून थक्क झाला. जेवणघरात ज्यांना उभं राहता येत होतं ते ताठ उभे होते. बाईंनी आपुलकीने विचारलं, "कोणाची काही तक्रार?"

आर्डेलचा हात खिशातल्या यादीकडे गेला. सतरा तक्रारी, सुवाच्य अक्षरात!

"नाही, मॅडम!" चाळीस गळे एका सुरात गरजले.

सगळ्यांत मोठा गळा आर्डेलचा होता.

"अध्यक्षमहाराज, आवाज मस्त लागला हं तुमचा," लॉरेटा पुटपुटली.

बाई खूश. तेवढा तिसरा मजला बघून निघते म्हणाल्या. आर्डेल त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरला, प्रूइट जिन्याने निघाला. लिफ्ट दुसरा मजला ओलांडून गेली, एकदा खोकली आणि थांबली. आर्डेलला तिचा मुका घ्यावासा वाटला. आतला फोन उचलला तर तोही बंद. ही यादीतली नववी तक्रार होती.

"आत सगळं ठीक आहे ना, सार्जंट?" बाहेरून प्रूइटची हाक आली.

"ठीक आहे, सर!"

पावलं निघून गेली.

"तुम्ही ठीक आहे म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"सवय, मॅडम." आर्डेलने ओशाळून यादी काढली. "एक. लिफ्ट."

"ती कळली," बाई म्हणाल्या, आणि बूट काढून खाली बसल्या.

तो आठव्या तक्रारीवर होता तेव्हा वरून, दाराच्या फटीतून, एक थकलेला आवाज आला. "आर्डेल? तू आहेस का रे तिथे?"

"आहे रे, ओटिस."

"सहा आठवड्यांत इतका जवळ नव्हता आलास." वर खुर्चीची चाकं करकरली. "पत्ते काढून ठेवू?"

आर्डेलला पुढची ओळ वाचता येईना. बाईंनी यादी त्याच्या हातातून घेतली आणि उरलेली स्वतः मोठ्याने वाचून काढली.

दीड तासाने व्हर्जिलने दार उचकटून दोघांना वर तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतलं. तिथे जिना चढू शकणारे सगळे रांगेत उभे होते.

"मॅडम, काही त्रास?" प्रूइटने धापा टाकत विचारलं.

"सतरा त्रास आहेत. माझं मत विधेयकाला, आणि बोलायला यांनाच बोलावणार आहे." त्या रांगेकडे वळल्या. "काय, आहेत ना तक्रारी?"

"नाही, मॅडम!"

या वेळी आर्डेलने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"समितीपुढे याल तेव्हा," बाई त्याला म्हणाल्या, "कोणी काही विचारायच्या आत वाचायला लागा."

लिफ्ट पुन्हा बंद, गुडघे तसेच. आर्डेलला तीन दिवस ओटिसच्या खोलीतच मुक्काम ठोकावा लागला. ओटिस रोज दोन्ही वेळा पोटभर जेवला आणि समोरासमोर बसून सलग अकरा डाव जिंकला. अकराव्यानंतर आर्डेलने खिशातून यादी काढली आणि अठरावी तक्रार लिहिली: ओटिस चादरीखाली पत्ते लपवतो.