साठ फुटांवरचं पिंप

आमच्या शाळेतले वीरभद्रअप्पा कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचा अंगठा धरायचे, नखावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "गुरुजी, मी बोलून राहिलो तेवढ्यात हितून किती गेले, सांगा बरं?" मग तेच सांगायचे, "अब्जांनी गेले. तुमाला कळलं का? न्हाई. त्यांला बी तुमी हाव म्हून कळलं न्हाई." आणि असा चेहरा करायचे, की यात चूक आपलीच आहे.

हे जे जातात ते न्यूट्रिनो. सूर्यातून निघतात, आभाळात तयार होतात, आणि माणूस, भिंत, अख्खी पृथ्वी आरपार करून निघून जातात. अप्पा हुद्द्यानं प्रयोगशाळेतले परिचर, म्हणजे परीक्षानळ्या विसळणारे. पण त्याआधी चौदा वर्षं ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत होते. सोनं काढायला नव्हे, तर दोन किलोमीटर खाली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या यंत्रांच्या तारा जोडायला. आभाळातून दुसऱ्याही कणांचा मारा सतत चालू असतो. तो खडकात अडतो, न्यूट्रिनो तेवढा अडत नाही, म्हणून त्याला पकडायला इतकं खोल जायचं. तरीही तो महिनोन् महिने सापडत नाही. आमचे विज्ञानाचे सर त्यांना "ए अप्पा" म्हणत, आणि वर्गावर जायच्या आधी धडा त्यांच्याकडूनच समजून घेत.

अहमदपूरला परत आल्यावर अप्पांनी घरामागच्या साठ फूट खोल, आटलेल्या विहिरीत एक जस्ती पिंप सोडलं. शाळेत पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून, थेंब थेंब साठवत त्यांनी ते दोन वर्षांत भरलं. आत खाणीतून मोडीत निघालेली एक काचेची नळी बसवली. न्यूट्रिनो पाण्यात कशाला धडकलाच, तर निळसर उजेडाची बारीक तिरीप उठते. ती आपल्याला दिसत नाही, नळीला दिसते, आणि मग अप्पांच्या घरातल्या जुन्या रेडिओत टक् वाजतं. टक् तर दिवसभर वाजायचं, कारण साठ फुटांना आभाळातला मारा थोडाच जुमानतो! अप्पा कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हा नव्हं."

पुढे पुढे एकूण जगाविषयीच त्यांचं हे मत झालं. नवे हेडमास्तर आले. "हा नव्हं." माझ्या मेहुणीला बघायला हदगावचा मुलगा आला. तो पोहे खात असतानाच अप्पा दारातून म्हणाले, "हा नव्हं." ते लग्न मोडलं. मेहुणीला तो नकोच होता, तिनं नंतर त्यांचे पाय धरले. सासरेबुवांनी मात्र त्यांना अजून माफ केलेलं नाही.

"अप्पा, एवढ्याशा पिंपात तो सापडणार कधी?" मी एकदा विचारलं.

"माझ्या जन्मात तर न्हाई. आन् आला तरी या गलक्यात वळखायचा कसा?"

"मग कशाला हा खटाटोप?"

"पिंप न्हाई ठिवलं तर मग पक्कंच न्हाई की वो."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. फक्त पाणी नव्हतं. छापील अर्जांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहायचं काम आम्हा शिक्षकांकडे होतं, आणि विहिरींची पाहणीही आमच्याकडेच. ज्या गल्लीतल्या विहिरीत पाणी, तिथे टँकर नाही, असा हुकूम होता. आमच्या गल्लीची वही माझ्या हातात होती.

तहसीलचे तरुण साहेब अप्पांच्या विहिरीवर वाकले. "ते खाली काय आहे?"

"पिंप हाय साहेब. झाकन नका उघडू. करंट चालू हाय, उजेड शिरला की नळी मरती. पाच मिनटं द्या, बंद करून येतो."

"पाण्याला उजेडाचं काय वावडं?" साहेब म्हणाले. त्यांच्यासोबतचा कोतवाल तोवर खाली उतरला होता. त्यानं झाकण उचललं, साहेबांनी वरून बॅटरी मारली. खाली पाणी चमकलं. "पाणी आहे. लिहा."

वहीत दोनच रकाने होते, आहे आणि नाही. पिंपासाठी रकाना नव्हता. त्या विहिरीत चिमणीपुरतंही पाणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी 'आहे' लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

पुढच्या आठवड्यात टँकर आमची गल्ली टाळून गेला. बाया घागरी घेऊन अप्पांच्या दारात. त्यात माझी बायको पुढे. "मान्सं तहानेनं मरून राहिलीत, आन् तुमी पिंपाला पानी पाजा!" अप्पांनी पोहऱ्यानं ते दोन वर्षांचं पाणी उपसलं आणि घरटी वाटलं. एका म्हातारीनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "याला चवच न्हाई."

गल्लीनं लातूरला तक्रार केली. चौकशी आली. हेडमास्तरांच्या खोलीत मला उभं केलं. कोरड्या विहिरीत पाणी दाखवणारा शिक्षक निलंबित होणार हे सगळ्यांना दिसत होतं. मी साहेबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण वहीची पानंच उलटत राहिलो. तेवढ्यात कोपऱ्यात चहाचे पेले उचलणारे अप्पा म्हणाले, "गुरुजी न्हाईच लिहून राहिले होते. मीच म्हनलो, पानी हाय म्हून लिहा. माझ्या यंत्रापायी."

तसंच कागदावर चढलं. टँकर सुरू झाला. अप्पांकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना घंटेवर बसवलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते एकटेच भाकरी थापत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रेडिओ बंद होता.

"खोटं कशाला बोललात, अप्पा?"

"तुमच्या घरी लेकरं हायत. मला कोन इचारनारं हाय?" त्यांनी भाकरी उलटली. "नळी मरताना लई जोरात बोलली बगा. एवढा उजेड तिनं जन्मात पाह्यला नव्हता." मग भाकरी तव्यावरून उतरवली. "न्यूट्रिनोचं सोडा, गुरुजी. जेवताना ती टक् टक् करायची. घरात कुनीतरी हाय असं वाटायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या मी लातूरला जातो. खरं काय ते सांगतो."

"बसा. ऊन ऊन भाकर हाय, खाऊन जावा."

मी बसलो. जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. अप्पांनी मला पाहून मान हलवली, घंटेचे टोल दिले, आणि मी वही काखेत मारून वर्गात गेलो.