साळवेबाईंचं पाच अक्षरी घराणं

शेवगावच्या बाजारात भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला भर रस्त्यात अडवून, "पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांगा, शेवट आय-जी-एच-टी," असं दरडावणारी बाई जगात एकच असेल आणि ती नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला होती.

साळवेबाई मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. माहेर खर्ड्याचं, किल्ल्याच्या गावचं. बुरुजावरून हाक मारली तर खाली गावात ऐकू जावी असा आवाज. मी पोस्टात कामाला. दहाच्या ठोक्याला घाईनं निघाले की कुंपणाशी बाई उभ्याच.

"मंदा, थांब. शब्द दे आन् जा."

"लाईट."

"तो झाला."

"नाईट, फाईट..."

"झाले की सगळे. नवीन काय हाय?"

"व्हाईट?"

"तो नुसता ऐकायला सारखा. आडनाव निराळं त्याचं."

"मग ब्राईट?"

"सहा अक्षरी. आपल्या घराण्यात पाचाच्या वर भरती न्हाई."

घराणं हा त्यांचाच शब्द. शेपटीची चार अक्षरं सारखी असली की ती एका घराण्याची, पुढचं एक अक्षर बदललं की नवीन भावंड. एट, म्हणजे इंग्रजीतला आठ, मात्र आय-जी-एच-टीच्या घरात जन्मूनही वेगळाच सूर लावतो म्हणून बाईंनी त्याला रुसका जावई ठरवून टाकलं होतं. पंक्तीला बोलवायचा, पण त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवायची नाही. पुढच्या महिन्यात साउंड, राउंड, पाउंड हे घराणं आलं आणि आमच्या गल्लीचं जगणं पुन्हा मुश्कील झालं. बाजारातली सखूबाई तर बाई दिसल्या की आधीच ओरडायची, "टाईट चालंल का बाई? टमाटे बी टाईट हायेत!" बाई टोमॅटो घ्यायच्या नाहीत, शब्द मात्र घ्यायच्या.

लोक हसायचे आणि पाठ वळली की हळहळायचे. कारण सगळ्यांना माहीत होतं. साळवेभाऊजी आमच्या एसटी स्टँडचा आवाज होते. माईकवरून गाड्या पुकारायचे. त्यांचं "तिसगाव मार्गे नगर" ऐकू आलं की आमच्या गल्लीतल्या बायका कुकर लावायच्या, इतका त्या आवाजावर भरवसा. संक्रांतीला त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ काही सावरेना. डेपोचे साहेब भले माणूस. म्हणाले, "दिवाळीपर्यंत माईक तुमच्यासाठी राखून ठेवतो. तोवर जमलं नाही तर मात्र आत बसून फायली लावा." त्या दिवसापासून भाऊजी घरात पडद्याआड बसले ते बसलेच. आणि काळजीनं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आम्ही गल्लीनं एकमतानं ठरवलं. एकमत व्हायला आमच्या गल्लीला एरवी फार वेळ लागतो.

एका रविवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. बाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या आणि समोर पाटावर भाऊजी. बाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "लाईट!" भाऊजींनी मान ताणली, कपाळावर घाम आला. "ला... ईट." भाकरी उलटली. "राईट!" "रा... रा... ईट." शब्द आल्याशिवाय भाकरी तव्यावरून उतरत नव्हती. टोपलीतल्या निम्म्या भाकऱ्या करपलेल्या होत्या आणि भाऊजी त्याही चवीनं खात होते.

मी तिथंच बसले. "अहो, पण इंग्रजी कशाला? सरळ मराठी बोलायला लावा की!"

बाई पीठ मळता मळता म्हणाल्या, "मराठीत अडकले की सारी गल्ली चुकचुकती. मग हे तोंडच उघडत न्हाईत. इंग्रजीत चुकले तर कुनाला कळतंय? आन् शेपूट एकच असली म्हंजी जिभेला सारखी नवी वाट नको. एकच पाऊल बदलायचं, बाकीचं घर वळखीचं."

आमच्या एकमतावर मी त्याच दिवशी पाणी सोडलं.

दसऱ्याच्या आसपास पलीकडून नवीनच घराणं ऐकू यायला लागलं. बोधेगाव. तिसगाव. शेवगाव. कोपरगाव. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्या स्टँडवरच्या निम्म्या गाड्या एकाच शेपटीच्या! बाई इतके महिने इंग्रजीच्या आडवाटेनं नवऱ्याला स्टँडवरच घेऊन निघाल्या होत्या.

दिवाळीच्या आधीच्या आठवडी बाजाराला साहेबांनी भाऊजींना माईकवर बोलावलं. सगळी गल्ली स्टँडवर हजर, मी पोस्टातून अर्धी रजा टाकून. स्टँड माणसांनी, पिशव्यांनी, कोंबड्यांनी भरलेलं. माईक खरखरला. "प्रवाशांनी..." आणि भाऊजी अडकले. सगळ्या माना वर झाल्या. मला तर वाटलं, संपलं. एवढ्यात फलाटावरून खर्ड्याचा आवाज कडाडला, "लाईट!"

भोंग्यातून उत्तर आलं, "नाईट. राईट. फाईट. प्रवाशांनी लक्ष द्यावं, अमरापूर, तिसगाव मार्गे नगरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे!"

"फाईट कुटं लागली?" एका पटकेवाल्या बाबांनी घाबरून विचारलं. त्यांना उत्तर द्यायला कुणी शुद्धीवर नव्हतं. सखूबाईनं टोमॅटोची पाटी खाली ठेवून टाळ्या पिटल्या, ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले, मी तर अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडले. भाऊजी थांबेचनात. बोधेगावची गाडी पुकारली, पाथर्डीची पुकारली, मग उत्साहाच्या भरात कोपरगावची जी गाडी अजून आलीच नव्हती तीही पुकारली. साहेब खिडकीत उभे राहून नुसते मान डोलवत होते.

बाई मात्र खांबाशी सरळ उभ्या होत्या, वर्गात पाढे ऐकावेत तशा. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मी म्हटलं, "अहो बाई, जिंकलात की!" तर म्हणाल्या, "कोपरगाव जरा घसरलं. उद्या घिऊ."

भाऊजी माईक बंद करायला विसरले होते. कागद चाळल्याचा आवाज आला, मग खाकरल्याचा, आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू गेलं, "सुमन... चष्मा घरी राहिला."

सुमन. संक्रांतीपासून त्या घरात बाईंचं हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. बाईंनी त्याचा सराव कधी घेतलाच नव्हता, ते त्यांच्या कुठल्याच घराण्यात बसत नव्हतं.

बाईंनी पदर तोंडाशी नेला. मग तोच पदर खोचून, भरल्या स्टँडवरून त्या भोंग्याकडं बघत ओरडल्या, "आनते! आत्ता आनते!" आणि पन्नाशीची ती बाई शाळेतल्या पोरीसारखी घराकडं पळत सुटली.