गुणाबाईच्या झाडाखाली पडलेला बॉल

राजेहो, माझ्या हातून गुन्हा एवढाच झाला की मी मान हलवली.

आमच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात नवे जनरल मॅनेजर साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, इथे गोल्फ कोण खेळतं? सगळे बाबू आपापल्या फायलीत घुसले. मला अशी शांतता सहन होत नाही (दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं की मला हटकून खोकला येतो), म्हणून मी मान हलवली. कुठे शिकलात, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, नागपूरला. नागपूरच्या गोल्फच्या मैदानाजवळ मी जन्मात एकदाच गेलो होतो, एका मित्राच्या रिसेप्शनला, आणि तिथे मी फक्त पनीर खाल्लं होतं.

आता तुम्ही म्हणाल, खुशालराव, एवढं खोटं बोलायची गरज काय होती? गरज होती. जादा झालेल्या बाबूंची एक यादी निघाली होती आणि त्यात तिसरं नाव माझं होतं. बदली थेट मध्य प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला. दिव्यानी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, इथल्या अंगणवाडीत आहेत, त्या काही नोकरी सोडून येणार नव्हत्या. "तुमी जा ना. तिथी डबा लावून घ्या," असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला जास्तच भीती वाटली. मला साधा चहा करता येत नाही. आणि यादीतलं एखादं नाव खोडण्याचा अधिकार फक्त साहेबांना होता.

रविवारी सकाळी अठरा होल खेळायचे ठरले. साहेबांची गाडी चालवणारे बाबूभाई आमच्याच कॉलनीत राहतात. त्यांनी साहेबांची एक जुनी काठी मला दोन दिवस गुपचूप दिली (तिला काठी नाही, क्लब म्हणायचं, हे मला नंतर कळलं) आणि एक सल्लाही दिला. "साब मैदान में खुश रहते हैं. तुम चुपचाप खेलो, और सत्रहवें होल पे बदली की बात निकालो." सतरावाच का, ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते अनुभवी माणूस आहेत.

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी घरात सराव केला. बॉल नव्हता, म्हणून लिंबू घेतलं. पहिल्या फटक्यात लिंबू जागेवर राहिलं आणि काठी कूलरला लागली. दुसऱ्या फटक्यात लिंबू भिंतीवर फुटलं. दिव्यानीने कूलरकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि सरबत मले पायजे होतं, भिंतीले काऊन पाजलं, एवढंच विचारलं. माणसाच्या कष्टांची घरात कदर नसते.

आमचं मैदान कसं आहे, तेही सांगतो. कोळसा लागेल म्हणून कधीकाळी गावची जमीन घेतली, कोळसा लागला नाही, म्हणून तिथे नऊ खड्डे खोदून झेंड्या लावल्या. अठरा होल खेळायचे तर तेच नऊ दोनदा खेळायचे. मार्च महिना, गवत जळून गेलेलं, आणि सातव्या झेंडीच्या वाटेवर मोहाचं एक भलंमोठं झाड.

ते झाड माझ्या सासूबाईंचं, गुणाबाईंचं. म्हणजे जमीन कंपनीची, पण झाड त्यांच्या सासऱ्यांपासून त्यांच्याच घरचं, आणि मोहफुलं गळायला लागली की सासूबाई उजाडायच्या आत टोपली घेऊन तिथे हजर. गोची अशी की आठवड्यापूर्वीच साहेबांनी एक नोटीस काढली होती: मैदानात गावकऱ्यांना प्रवेश नाही. ती टाइप मी केली होती. झाडाला ठोकलीही मीच, आणि सासूबाईंनी त्याच खिळ्याला आपली पाण्याची बाटली अडकवली होती.

असो. पहिल्या झेंडीच्या दिशेने साहेबांनी एक फटका मारला, बॉल दूर जाऊन पडला. मग मी उभा राहिलो. पाय फाकवले, कंबर वळवली, डोळे मिटले (व्हिडिओत हे नव्हतं) आणि मारला. डोळे उघडले तर बॉल तिथेच. ही प्रॅक्टिस होती, असं मी म्हणालो. चार वेळा म्हणालो. पाचव्या वेळी साहेबांनी सांगितलं की गोल्फमध्ये प्रॅक्टिस मोजत नाहीत, पण हुकलेला फटका मोजतात, आणि हुकलेला कोणता ते खेळणाऱ्यानं स्वतः इमानदारीने सांगायचं असतं. असला खेळ मी पाहिला नाही. आमच्याकडे क्रिकेटमध्ये माणूस त्रिफळा उडाल्यावरही दहा मिनिटं भांडतो.

पहिल्या होलला मला चौदा फटके लागले. दुसऱ्याला सोळा. बॉल बाभळीत गेला, तर साहेब म्हणाले, जिथे पडला तिथूनच खेळायचा, नियम तो नियम है. मी बाभळीत शिरलो आणि शर्टाची एक बाही तिथेच ठेवून बाहेर आलो. बॉल शेणात बसला, तेव्हाही तेच. मी फटका मारला, आणि शेणाचा निम्मा हिस्सा बाबूभाईंच्या पांढऱ्या पँटवर गेला. त्यानंतर बाबूभाई माझ्यापासून वीस पावलं लांब चालू लागले.

साहेब मात्र फॉर्मात होते. अकरा वर्षं खेळत होते आणि अठरा होल नव्वद फटक्यांच्या आत कधी झाले नव्हते. त्या दिवशी होणार होते. त्यांच्या बॉलवर त्यांच्या मुलीने लहानपणी लाल शाईने एक फूल काढलं होतं. दरवेळी मारण्याआधी ते त्या फुलावर अंगठा फिरवायचे. लेक आता परदेशात असते, असं बाबूभाईंनी मला हळूच सांगितलं.

पहिल्या फेरीत सातव्या झेंडीपाशी सासूबाई फुलं वेचत होत्याच. मी टोपी नाकापर्यंत ओढली आणि झाडाकडे पाठ करून खेळलो (त्या दिवशीचा माझा एकमेव सरळ फटका). नोटीस लावली होती ना, असं साहेबांनी विचारलं. लावली सर, म्हणालो. ऊन चढलं की बाई घरी जातील, असा माझा हिशोब होता. पण त्या वर्षी मोह दणकून आला होता.

दुसऱ्या फेरीत आम्ही पुन्हा तिथे पोचलो तेव्हा दहा वाजले होते. हा सोळावा होल. पुढचा सतरावा. मी मनातल्या मनात बदलीचं वाक्य घोकत होतो. साहेबांनी फुलावर अंगठा फिरवला आणि दणका दिला. बॉल उंच गेला, मोहाच्या फांदीला लागला आणि टपकन खाली पडला. झाडाखाली. सासूबाईंच्या हातापासून दोन फुटांवर.

मी पळालो. बाईंचा हात पडायच्या आत बॉलवर उभं राहावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण ताज्या मोहफुलांवर पळायचं नसतं. माझे दोन्ही पाय वर गेले आणि मी पाठीवर आपटलो. पडल्या पडल्या पाहिलं, तर सासूबाईंनी बॉल उचलला, पदराला पुसला आणि टोपलीत टाकला.

साहेब धापा टाकत आले आणि त्यांनी बॉल मागितला. सासूबाई म्हणाल्या, "माह्या झाडाखाली जे पडलं ते माहं. गावात कोणाले बी इचारा." साहेब म्हणाले, अहो, हे फळ-फूल नाही, बॉल आहे. सासूबाईंनी बॉल काढून उलटसुलट पाहिला आणि लाल फूल साहेबांना दाखवलं. "हे काय होय मंग?"

साहेबांनी बाबूभाईंकडे पाहिलं. बाबूभाई मान खाली घालून म्हणाले की साब, बाई बरोबर बोलतात, मोहाखाली पडलेलं झाडवाल्याचंच असतं, आमचे आजोबासुद्धा दुसऱ्याच्या झाडाखालचं उचलत नसत. मग साहेब माझ्याकडे वळले. मी अजून आडवाच होतो.

"खुशालजी, आप इन्हें जानते हैं?"

डोळ्यांसमोर नोटीस आली. बदली आली. डब्यातली थंड पोळी आली. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही सर."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. याच बाईने दरवर्षी पहिल्या मोहाची मूठभर फुलं मला भाजून बशीत दिली होती, गूळ घालून. मला स्वतःची इतकी लाज वाटली की उठायचंही सुचेना.

त्या साहेबांना म्हणाल्या, "बरोबर सांगून राह्यला तो. मी बी त्याले वळखत नाई. सकाळपर्यंत माहा जावई होता."

मग मात्र मी सगळं ओकलो. झोपल्या झोपल्याच. ही माझी सासू. नोटीस मी ठोकली. गोल्फ मला येत नाही, नागपूरला मी पनीर खाल्लं. बदली नको म्हणून खोटं बोललो. कूलर तुटला तेही सांगितलं, त्याचा काही संबंध नसताना. साहेबांचे नव्वदच्या आतले अठरा होल टोपलीत पडले होते, आणि सकाळपासून मला नियम शिकवणारे तेच होते.

सासूबाईंनीच टोपलीत हात घातला. "कोनं काढलं हे फूल?" साहेब म्हणाले, बेटी ने. बाईंनी बॉल त्यांच्या हातावर ठेवला. "पोरीचं हाय त न्या मंग. ते मी ठिवत नाई."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी बाईंना हात जोडले आणि मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "और ये? ये भी तो आप के पेड के नीचे गिरा है."

सासूबाई जवळ आल्या. बाजारात वांगं बघावं तसं त्यांनी मला वरून खालून पाहिलं. "हे मले नोको होतं," त्या म्हणाल्या. "पन पडलं त पडलं. ठिवून घेते."

नियम तो नियम है, असं म्हणून साहेब पोट धरून हसले. त्या दिवशी त्यांचे अठरा होल एकोणनव्वदमध्ये झाले. माझे सोळाच झाले, पण फटके एकशे सत्त्याण्णव भरले. सोमवारी यादीतलं माझं नाव खोडलं गेलं आणि झाडावरची नोटीसही उतरली. अट एकच, मी परत काठीला हात लावायचा नाही. बाबूभाईंनी ती अट पँटच्या आठवणीने दोनदा वाचून दाखवली.

तेव्हापासून मोहाचा सीझन आला की मी रोज उजाडायच्या आत त्या झाडाखाली वाकलेला असतो. साहेब लांबून खेळत जाताना हात हलवतात. माझी कंबर गेली आहे आणि सासूबाईंना माझं वेचणं पसंत नाही, कचरा येतो म्हणतात. त्यांनी साहेबांचा बॉल पाच मिनिटांत परत केला होता. मला परत मागायला अजून कोणी आलेलं नाही, दिव्यानीसुद्धा.