अप्पांची प्रत्यक्ष पाहणी

लोकशाहीचा भार मत देणाऱ्याच्या नव्हे, देखरेख करणाऱ्याच्या खांद्यावर असतो. हे वाक्य अप्पा फणसळकरांचं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अप्पा भर रस्त्यातून चालले होते, डोक्यावर काळी टोपी होती, बगलेत छत्री होती, आणि त्यांच्या पुढे दोन हातांवर नगरपालिकेची कचऱ्याची बैलगाडी चालली होती.

अप्पा रोज सकाळी त्या गाडीमागून चालत. बाजारपेठेपासून खाडीकाठच्या कचराडेपोपर्यंत. गाडी थांबली की थांबायचे, हलली की हलायचे. चेहरा इतका गंभीर, की गावात नव्याने बदलून आलेल्या पोस्टमास्तरांनी पहिल्याच दिवशी रस्त्याच्या कडेला चपला काढून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," अप्पा म्हणाले. "पण ठेकेदार जाणार आहे."

ठेकेदार गेला नाही. ठेकेदार जात नसतात. त्याला खेपेमागे पैसे मिळत, त्यामुळे गाडी डेपोपर्यंत नेण्यापेक्षा शाळेच्या मागे ओतून परत फिरवणं त्याला सोयीचं होतं. त्या शाळेत मी शिकवत असल्यामुळे हे मला वासाने ठाऊक होतं. अप्पांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीमागे चालायला लागले. गाडीवाला धोंडू त्यांना रोज सांगे, "अप्पा, वरती बसा ना. बैलांना काय तुमचा भार व्हनार नाय."

"देखरेख बसून होत नाही, धोंडू."

आमच्या गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ठाणे आणि कल्याण यांच्यामध्ये कुठेतरी ते आहे, आणि दोन्हीकडचे लोक ते आपलं नाही असं म्हणतात, एवढं पुरे. अप्पांची सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली होती. वॅगनीला सील शाबूत, कागदावर पोती भरलेली, आणि दार उघडावं तर आत उंदीर. त्या अनुभवातून त्यांना एक शब्द सापडला होता, तो त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही: प्रत्यक्ष. पुढे ते आमच्या वॉर्डातून निवडून आले. समोरचा उमेदवार अर्ज भरायच्या दिवशीच आजारी पडला होता. त्या आजाराला अप्पा जनतेचा कौल म्हणत.

ते आमच्या समोरच्या खोलीत राहत. बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून एकटेच. टेंभी नाक्याला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला मुलगा झाला म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरून म्हणाले, "प्रत्यक्ष पाहिलात?"

"पत्र आलंय."

"पत्र म्हणजे कागद, मास्तर. पाहून या, मग अभिनंदन करतो." पेढा मात्र त्यांनी खाल्ला. तो प्रत्यक्ष होता.

त्याच सुमारास नगरपालिकेने लहान धंदेवाल्यांना अनुदान द्यायचं ठरवलं. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, आणि लोकांना भाषणांखेरीजही काही द्यावं असं कोणाच्या तरी मनात आलं होतं. समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले रावसाहेब. ती पदवी देणारं सरकार निघून गेलं होतं. रावसाहेब राहिले होते. अर्जदारांकडे जाऊन पाहणी कोणी करायची असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. पावसाचे दिवस तोंडावर आले होते आणि बाकीच्यांना छत्री धरायला माणूस लागत असे.

अप्पांची पाहणी म्हणजे अर्जदाराला शिक्षाच. सायकलवाल्याच्या दुकानात ते सकाळी जाऊन बाकावर बसले. दुपारपर्यंत एकही पंक्चर आलं नाही. अप्पा हलेनात, तेव्हा घाबरलेल्या सायकलवाल्याने शेवटी मेहुण्याला खिळे देऊन चौकात पिटाळलं. संध्याकाळी अप्पांनी अहवाल दिला: धंदा जोरात आहे.

आता वेणूताईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं, आणि त्यांच्यासाठी काहीच झालं नाही.

वेणूताई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मागच्या खोलीत राहत. नवरा विषमज्वराने गेलेला, मूलबाळ नाही. उन्हाळ्यात इमारतीची गच्ची त्यांची असे: पापड, कुरडया, सांडगे. माल चांगला होता, दुकानदार घरी येऊन नेत. पाऊस सुरू झाला की धंदा बंद, आणि मग आंबिवलीच्या पुढच्या एका खेड्यातून त्यांचे दीर तांदूळ पाठवत. त्या वर्षी दिरांनी तांदळाबरोबर निरोपही पाठवला होता: हे किती दिवस चालायचं? दसऱ्याला न्यायला येतो. इथे स्वयंपाकाला माणूस हवंच आहे.

"तिथे मला चुलीपाशी जागा आहे," वेणूताई माझ्या बायकोला म्हणाल्या. "दिवसाही तिथेच आणि रात्रीही तिथेच. इथे निदान दाराला कडी माझी आहे."

म्हणून त्यांनी अर्ज केला. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आणि चार शेगड्या, एवढंच मागितलं होतं. शेड झाली की पावसातही वाळवण होणार होतं, तांदूळ बंद होणार होते, आणि दिरांचा निरोपही. अर्ज चैत्रात केला, तेव्हा गच्ची पापडांनी भरली होती. मग अर्ज नगरपालिकेत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिला. तो अप्पांच्या हातात आला तेव्हा आषाढ निम्मा झाला होता.

अप्पा छत्री घेऊन पहिल्यांदाच गच्चीवर गेले आणि दुपारपर्यंत उभे राहिले. गच्चीवर पाणी साचलं होतं. वेणूताईंना वाटलं, नगरपालिकेचे मेंबर गळती बघायला आले असतील. अप्पांनी त्यांना काही विचारलं नाही. विचारून कळतं ते ऐकीव, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी अहवाल लिहिला: "जातीने पाहणी केली. धंदा प्रत्यक्ष दिसला नाही."

समितीच्या सभेला कोणालाही जाता येत असे, त्यामुळे कोणी जात नसे. मी जाई, घरी वर्तमानपत्र येत नव्हतं. रावसाहेबांनी अहवाल वाचला. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या घरी वर्षाचे पापड उन्हाळ्यातच वाळत होते. अहवाल संपता संपता चहा आला आणि अर्ज नामंजूर झाला.

परतताना मी अप्पांना गाठलं. "अप्पा, आषाढात पापड कोण वाळवतं?"

"म्हणजे?"

"पावसात पापड करत नाहीत."

अप्पा रस्त्यातच थांबले. "कधीच?"

"अहो, तुम्ही कोकणातले ना?"

"आमच्या घरी पापड डब्यातून निघायचे," अप्पा म्हणाले. "डब्यात कसे जायचे, ते मी पाहिलेलं नाही."

त्यांना हसू आलं नाही. तसेच ते वेणूताईंच्या दाराशी गेले. मी मागोमाग होतो. वेणूताई डाळ निवडत बसल्या होत्या. नामंजुरीची बातमी त्यांना आधीच कळली होती. आमच्या गावात पोस्ट उशिरा येतं, बातमी नाही.

"या अप्पा. पावसात पापड वाळवायला मी काय इंद्राची बहीण आहे?"

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारायचं होतंत. तोंड होतं ना मला?"

अप्पांनी मान खाली घातली. त्या माणसाला मी मान खाली घातलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती फक्त गाडीतून काही सांडलंय का ते पाहताना जायची.

"दिरांना काय कळवलंत?" त्यांनी विचारलं.

"काय कळवणार? दसरा काही माझ्यासाठी पुढे जात नाही."

नियम असा होता, की नव्याने पाहणी झाली तर अर्ज परत समितीपुढे येऊ शकतो. पुढची सभा श्रावणात होती. त्यानंतरची दिवाळीनंतर. अप्पा रोज सकाळी कचऱ्याची गाडी डेपोला पोचवून आले की गच्चीवर जात आणि आभाळाकडे बघत. आभाळ त्यांच्या देखरेखीखाली नव्हतं. एक दिवस जरा उघडलं, तेव्हा वेणूताईंनी घाईघाईने चार पापड लाटून सुपावर टाकले. अप्पा छत्री मिटून गच्चीवर उभे. सूप वर पोचतं न पोचतं तोच सर आली.

सभेच्या दिवशी अप्पांनी नवा अहवाल दिला. रावसाहेब मोठ्याने वाचू लागले: "पुन्हा जातीने पाहणी केली. गच्चीवर पापडांचं वाळवण मांडलेलं प्रत्यक्ष पाहिलं. धंदा उत्तम चालू आहे. अनुदान द्यावं."

बाहेर पाऊस इतका कोसळत होता की 'उत्तम' हा शब्द रावसाहेबांना दोनदा वाचावा लागला.

पलीकडच्या खुर्चीतले किराणा दुकानवाले सभासद आधी हसले. "अप्पा, श्रावणात वाळवण? पाऊस थांबवलात की काय?"

मग सगळेच हसले. आषाढात गच्चीवर पापड नाहीत यात ज्यांना काही वावगं दिसलं नव्हतं, त्यांना श्रावणात ते असणं लगेच खटकलं.

रावसाहेबांनी चष्मा काढला. "फणसळकर, प्रत्यक्ष पाहिलंत?"

त्यांचाच शब्द त्यांना असा परत मिळाला. अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खरं सांगणार आणि खाली बसणार.

"पाहिलं," अप्पा म्हणाले.

"गच्चीवर?"

"गच्चीवर."

"या पावसात?"

"हो."

कोणी हसलं नाही. अप्पांना खोटं बोलण्याचा मुळीच सराव नव्हता, आणि ते बघणं हसण्यासारखं नव्हतं.

खोटा अहवाल दिला म्हणून अप्पांना पाहणीच्या कामातून काढलं. अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर झाला, या वेळी चहाच्या आधीच. आणि ठेकेदाराच्या वतीने कोणीतरी असंही सुचवलं, की फणसळकरांनी कचऱ्याच्या गाडीविषयी आजवर दिलेले अहवालही जरा जपूनच खरे धरावेत. ते सगळ्यांना पटलं. गाडी पुन्हा शाळेच्या मागे थांबू लागली. वर्गाच्या खिडक्या मी बंद करून घेतल्या.

त्या संध्याकाळी अप्पा जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो.

"असं कसं केलंत, अप्पा? तुम्ही?"

ते छत्रीचं पाणी निथळताना बघत होते.

"ही म्हणायची, दुखतंय," ते म्हणाले. ही म्हणजे काकू. "पोटात दुखतंय. मी म्हणायचो, कुठे? दाखव. ती हात ठेवून दाखवायची. मला काही दिसायचं नाही. ना सूज, ना जखम. मी म्हणायचो, दिसत तर काहीच नाही, उगाच डॉक्टर कशाला? मग तिने सांगायचं बंद केलं. मला वाटलं, थांबलं."

त्यांनी छत्री उचलून मांडीवर आडवी धरली.

मग म्हणाले, "या बाईंनी तर अर्जात स्वच्छ लिहिलं होतं, मास्तर. पावसात धंदा बसतो, म्हणून शेड हवी. मी वाचलं होतं ते. पण वाचलेलं म्हणजे कागद."

दसऱ्याला दीर आले. माणूस वाईट नव्हता. त्याने वेणूताईंची ट्रंक स्वतः उचलली. पोळपाट-लाटणं तिथे आहे, असं म्हणून ते मात्र नेऊ दिलं नाही. अप्पा स्टेशनापर्यंत आले होते. कसाऱ्याकडची गाडी लागली. वेणूताईंनी पिशवीतून एक डबा काढून त्यांच्या हातात दिला.

"उन्हाळ्यातले आहेत. सादळले असतील, भाजून घ्या. आणि डबा परत पाठवायचा हं, तिकडून कोणी आलं-गेलं तर. तो माझा आहे, त्यांचा नाही."

"पाठवतो," अप्पा म्हणाले.

गाडी गेल्यावर त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, आणि पुन्हा लावलं. घरापर्यंत डबा दोन्ही हातांनी धरून ते चालले. त्या दिवशी छत्री माझ्याकडे होती.

समितीने पुढे दिवाळीनंतरच्या सभेत या प्रकरणाची गंभीर दखल घेतली. वाळवणाच्या धंद्याची पाहणी यापुढे उन्हाळ्यातच करावी, असा ठराव रावसाहेबांनी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाळवणाच्या धंद्यासाठी एकही अर्ज आला नाही.