हौसाआक्का आणि ‘ड’ची बाटली

एका जंगलात जितकी झाडं होती तितकेच सल्ले होते, मुलांनो. झाडांची पानं तरी वर्षातून एकदा गळायची. सल्ले बारमाही हिरवे असायचे.

त्या जंगलात वानरांची एक टोळी होती. टोळीत हौसाआक्का नावाची एक वानरी होती. तिने आपली पिल्लं वाढवून मोठी केली होती. त्या पिल्लांनाही पिल्लं झाली होती. आता तिला स्वतःला पिल्लू होणार नव्हतं आणि त्याचं तिला काही दुःख नव्हतं. “सुटले बाई एकदाची,” असं ती म्हणायची.

दुःख होतं ते गुडघ्यांचं. उडी मारली की गुडघा कटकन वाजायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, फांदी मोडली. तिने फांदी बदलली. मग झाड बदललं. आवाज तिच्याबरोबरच आला.

तुम्ही म्हणाल, वाजला तर वाजला. पण त्या जंगलाच्या मधोमध एक खोल घळ होती. अलीकडचा पाला संपला आणि पलीकडची उंबरं पिकली की सगळी टोळी जांभळाच्या फांदीवरून पलीकडच्या उंबरावर उडी मारायची. गेल्या खेपेला हौसाआक्काचे पाय उंबराला लागलेच नाहीत. हातांनी लोंबकळत ती कशीबशी वर चढली. ज्याला उडी जमत नाही तो अलीकडे राहतो. एकटा राहतो. आणि अलीकडेच बिबट्याही राहतो.

उंबरं अजून हिरवी होती. तेवढाच काय तो वेळ.

हौसाआक्काची धाकटी बहीण शेवंता. तिचे गुडघेही वाजायचे, पण ते वाजले की ती मोठ्याने खोकायची.

शेवंता म्हणाली, “आक्का, तुला जीवनसत्त्वं कमी पडलीत. आजकाल सगळ्यांनाच पडतात.”

“आपल्या आईला कुठं पडली होती?”

“पडली असतील. तिला कुणी सांगितलं नसेल!”

मग दोघी डॉक्टर वटवाघळे यांच्याकडे गेल्या. डॉक्टर गुहेत राहायचे. फार हुशार होते. गुहेतून बाहेर पडायचे ते अंधार झाल्यावरच, त्यामुळे ऊन हा प्रकार त्यांना फक्त ऐकून माहीत होता.

हौसाआक्का मान वाकडी करून त्यांच्याकडे बघू लागली. म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही उलटे...”

“उलट्या? कधीपासून?”

“उलट्या नाही हो! गुडघे! गुडघे वाजतात.”

डॉक्टरांनी कान देऊन गुडघा ऐकला. म्हणाले, “हाडांना ‘ड’ कमी पडलंय. ‘ड’ जीवनसत्त्व घ्या. रोज घ्या. दोघीही घ्या. आणि लोहाच्या गोळ्या उगाच घेऊ नका. पिल्लं होण्याच्या वयात लोह खर्च होतं, आता तुमचं तसं होत नाही.”

लोह कुठे खर्च होतं ते, मुलांनो, घरी आईला विचारा.

एवढं बोलून डॉक्टरांनी पंख मिटले आणि ते घोरू लागले.

जंगलात दुकान एकच होतं. साळिंदरशेठचं. ते उंच काळ्या खडकावर होतं. तिथे झाड नाही, झुडूप नाही, सावली नाही. शेठच्या काट्यांमुळे गिऱ्हाईक लांब उभं राहायचं. घासाघीस ओरडून चालायची.

शेठने बाटल्या मांडल्या. एकीवर लिहिलं होतं ‘कुमारी’. दुसरीवर ‘माता’. तिसरीवर ‘माजी माता’.

“माजी?” हौसाआक्का भडकली. “माजी म्हणजे? मी काय निवडणुकीत पडले का?”

“मी नाही लिहिलं, आक्का. माल वरूनच तसा येतो.”

“माझी थोरली लेक अजून डोक्यातल्या उवा काढून घ्यायला माझ्यापुढं बसते. आणि मी माजी?”

शेवंताने इकडे तिकडे बघितलं. कुणी ओळखीचं नव्हतं. तरी तिने ‘माता’ची बाटली उचलली.

“अगं, त्यात लोह आहे,” हौसाआक्का म्हणाली. “डॉक्टरांनी नको सांगितलंय.”

“असू दे. ती ‘माजी’ची बाटली हातात दिसली तर टोळीत तोंड दाखवता येईल का?”

शेवंताने गोळ्या सुरू केल्या. पुढे तिचं पोट बरेच दिवस तिच्याशी बोलेना. पण ते ती कुणाला सांगणार?

हौसाआक्काने ‘माजी माता’ची बाटली उचलली. मागची अक्षरं इतकी बारीक होती की तिला ती मुंग्यांची रांग वाटली. तिने फुंकर मारली. रांग हलेना, तेव्हा तिने हात लांब करून वाचलं. अ होतं. ब होतं. क होतं. ई होतं.

“शेठ, यात ‘ड’ कुठंय?”

“‘ड’ संपलं. ‘ढ’ आहे. हे घ्या, वेगळी बाटली. ‘ड’च्या पुढचं आहे ते.”

“पुढचं म्हणजे?”

“मुळाक्षरं येतात ना? ‘ड’ झालं की ‘ढ’ येतं. शिवाय व्याकरण बघा. ‘ड’ अल्पप्राण. ‘ढ’ महाप्राण. अल्प प्राण घेऊन उडी मारणार का महाप्राण घेऊन? बोला!”

हौसाआक्का विचारात पडली. व्याकरणापुढे कोण बोलणार? पण ती होती हट्टी.

“ढ म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे,” ती म्हणाली. “आमच्या टोळीचा म्होरक्या ढ आहे. मला ‘ड’च पाहिजे.”

“मग उद्या या.”

दुसऱ्या दिवशी ती खडक चढून गेली. वाटेत दर फांदीला थांबत, दर दगडावर बसत, गुडघ्याला शिव्या देत.

“शेठ, ‘ड’ आलं का?”

“हत्ती माल घेऊन निघालाय. उद्या या.”

ती पुन्हा गेली. “आलं का?”

“हत्ती उसाच्या फडात शिरलाय. उद्या या.”

पुन्हा गेली.

“आलं होतं, आक्का! आत्ता, तुमच्या पुढं संपलं.”

मग ती सकाळी लवकर जाऊ लागली, म्हणजे दुसरं कुणी आधी नेणार नाही. शेठ म्हणायचा, माल थोड्या वेळाने येईल. मग ती उघड्या खडकावर पाठ उन्हाला देऊन वाट बघत बसायची. बसल्या बसल्या शेठला पिल्लांच्या गोष्टी सांगायची. शेठ काटे खाली पाडून ऐकायचा. मग म्हणायचा, “आज काही खरं नाही. उद्या या.”

पुढे पुढे ती रागाने चढू लागली. रागाने चढलं की दगडावर बसावंसं वाटत नाही.

शेवंता मात्र दाट सावलीत बसून गोळी घ्यायची आणि ती लागू पडायची वाट बघायची. “आक्का, कशाला पायपीट करतेस? गुडघे झिजतील तुझे,” असं बसल्या जागेवरून सांगायची.

आणि एके दिवशी उंबरं पिकली. वास अलीकडे आला. म्होरक्याने हुप्प केलं, म्हणजे सकाळी निघायचं.

हौसाआक्का धावत खडकावर गेली. “शेठ, आज तरी ‘ड’ द्या! टोळी उद्या सकाळी निघणार. मी मागं राहिले तर बिबट्या मला ‘उद्या या’ म्हणणार नाही.”

साळिंदरशेठचे सगळे काटे खाली झुकले.

“आक्का, खरं सांगू? ‘ड’ कधी नव्हतंच. ते कसं असतं तेही मला माहीत नाही.”

“मग रोज ‘उद्या या’ का सांगितलंस मेल्या?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता. इथं वर कोण येतं? काट्यांमुळं जवळ कुणी बसत नाही. तुम्ही बसायचा.”

हौसाआक्काला काय बोलावं सुचेना. मग सुचलं, आणि ते तिने इतकं बोलून घेतलं की ते मी इथे लिहीत नाही. ती तशीच फणफणत एका दमात खडक उतरली. रडत रडत झोपली. उतरताना काहीच वाजलं नव्हतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी टोळी जांभळावर जमली. एकेक जण पलीकडे गेला. थोरली लेक पिल्लाला पोटाशी धरून पलीकडून बघत होती.

हौसाआक्काने डोळे मिटले आणि उडी टाकली.

उंबराची फांदी आली आणि खालून निघूनही गेली. हौसाआक्का आणखी वरच्या फांदीवर, थेट म्होरक्याच्या मांडीवर जाऊन आदळली.

“आक्का, जरा बघून!” म्होरक्या म्हणाला.

मागून शेवंता आली. तिचे पाय काही फांदीला लागले नाहीत. हौसाआक्काने वाकून तिचा हात धरला आणि वर ओढून घेतलं. दोघी मिठी मारून रडल्या. लेकही रडली. मग सगळ्यांनी उंबरं खाल्ली.

खाऊन झाल्यावर बायका जमल्या.

“आक्का, कुठली गोळी गं?”

“कुठलीच नाही. ‘ड’ मिळालंच नाही मला.”

“मिळालं नाही म्हणे! सगळं एकटीनं संपवलं असेल.”

“सांगायचं नसेल तर नको सांगूस बाई. आम्ही काय मागून घेणार होतो?”

हौसाआक्का शपथा घेऊन थकली. ऊन पाठीवर पडलं की अंगात ‘ड’ आपोआप तयार होतं आणि चढण चढली की पाय घट्ट होतात, हे तुमच्या पुस्तकात आहे, मुलांनो. पण हौसाआक्काचं शिक्षण झाडावर झालं होतं. आणि डॉक्टर वटवाघळे यांनी तर अंधारातून जाहीरच केलं, “बघितलात ‘ड’चा गुण!”

उंबरं संपून टोळी अलीकडे परतली, तेव्हा ‘ड’ला एवढी मागणी आली की साळिंदरशेठने कुठून तरी खरं ‘ड’ आणवलं. एवढ्या आज्यांना खडकावर कसं चढवायचं, म्हणून त्याने दुकान खाली आणलं, वडाच्या गार सावलीत. आता बाटली फांदीवर घरपोच मिळते. शेठ सुखात आहे. त्याला खोटं बोलावं लागत नाही. दिवसभर त्याच्याभोवती बायका बसलेल्या असतात, आणि त्यांच्यात हौसाआक्काही असते.

यंदा उंबरं पिकत आली तेव्हा सावलीत बसणाऱ्या कुणालाच उडीची खात्री वाटेना. म्हणून टोळीने घळीवर पूल मागितला. मागणी मंजूर झाली आहे. पूल कधी बांधायचा हे ठरवायला एक समिती नेमली आहे. बिबट्या तिचा अध्यक्ष आहे.

तात्पर्य : औषध कुठलं घ्यावं याचा फार विचार करू नये. दुकानदार मात्र पारखून घ्यावा. तो उंचावर, भर उन्हात राहणारा आणि पक्का खोटारडा असावा. खरं बोलणारा आणि माल घरपोच देणारा दुकानदार गुडघ्यांना परवडत नाही.