कोनाड्यातला थर्मामीटर

मुलांनो, हातातला लाडू आधी संपवा. मग मांडी घालून बसा आणि ऐका.

एका जंगलात भागीरथीबाई नावाच्या अस्वलीण राहायच्या. अंगभर केस आणि मनभर माया. घरात मूल नव्हते, म्हणून त्यांनी एक सरडा पाळला होता. त्याचे नाव दौलत. गुहेच्या दाराशी काचेची पेटी होती. तिच्यात वाळू, वाळूवर एक चपटा दगड, आणि दगडावर दौलत.

पेटी विकणाऱ्या माकडाने बजावले होते, "बाई, सरड्याला स्वतःची ऊब नसते. हा दगड अडतीस अंश तापलेला हवा. थर्मामीटर देतो, रोज बघत जा."

बाईंनी थर्मामीटर घरी आणला. त्याला हळदकुंकू लावले. आता इतकी जाणती वस्तू सरड्याच्या शी-शूच्या वाळूत कशी ठेवायची? त्यांनी तो देवीच्या कोनाड्यात, समईशेजारी उभा केला. समई दिवसरात्र तेवायची. थर्मामीटरने अडतीस दाखवले. बाईंनी हात जोडले.

मार्गशीर्ष लागला. ऊन वडामागे सरकले आणि दारातली पेटी गार पडली. बाईंच्या अंगावर एवढे केस, त्यांना काय कळणार? दौलत मात्र राखेसारखा दिसू लागला. समोर नाकतोडा ठेवला, तर नाकतोडाच त्याच्या डोक्यावर चढून बसायचा.

"दृष्ट लागली गं बाई," असे म्हणून बाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग गुरुवार धरले. "देवी, याने एक घास घेतला, तर पाच सवाष्णींना पुरणाचं जेवू घालीन."

भिंतीवर एक म्हातारी पाल राहायची. ती म्हणाली, "भागीरथी, मी आत्ताच त्या दगडावरून आले. पोट गोठलं माझं. पोराला थंडी वाजतेय."

पाल चुकचुकली की काय करायचे, हे बाईंना लहानपणीच शिकवलेले. त्यांनी बोटाने जमिनीवर टकटक केले आणि म्हणाल्या, "कृष्ण, कृष्ण."

"अगं, त्याला कशाला बोलावतेस? पेटीत हात घालून बघ."

"कृष्ण, कृष्ण."

दुसऱ्या गुरुवारी जंगलाचे तापमान तपासनीस गेंडासाहेब आले. कोनाड्यासमोर उभे राहून त्यांनी वहीत लिहिले, अडतीस.

"साहेब, मग हा खात का नाही?"

"ऊब पुरेशी आहे. न खाणं हा त्याचा स्वभाव."

"मरेल का हो तो?"

साहेबांना वाईट वाटले. तेही कोणाचे तरी वडील होते. "मनात शंका नको," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून दुसरा थर्मामीटर काढून पहिल्याशेजारी ठेवला. त्यानेही अडतीस दाखवले. "बघा, दोघांचं एकमत झालं."

"त्यातला एक पेटीत ठेवा की," पाल म्हणाली.

"तुमच्याकडे तपासनिसाचा दाखला आहे?"

"पोट आहे."

"वहीत पोटाचा रकाना नाही," साहेब म्हणाले आणि निघाले. जाताना पेटीवर कागद चिकटवून गेले. 'ऊब पुरेशी.'

तिसऱ्या गुरुवारी दौलत कुशीवर पडलेला दिसला. बाईंनी झाकण उघडले, त्याला ओंजळीत उचलले आणि कोनाड्यात देवीच्या पायाशी ठेवले. "मी थकले. आता तुझं तू बघ."

बाई डोळे पुसत बसल्या. बऱ्याच वेळाने दौलतचे एक बोट हलले. मग शेपटी. तो हळूहळू सरकला आणि दोन थर्मामीटरांच्या मधोमध पोट टेकून बसला. अंगावरची राख जाऊन हिरवा रंग आला. समईवर एक पतंग झेपावला. दौलतने जीभ काढली. पतंग दिसेनासा झाला.

बाईंनी नवस फेडला. पाच सवाष्णी जेवल्या. पालीलाही आग्रहाने बोलावले होते. ती पोटभर जेवली, पण तोंडातून शब्द काढला नाही, कारण पाचही जणींची बोटे टकटक करायला तयारच होती.

दौलत आता कोनाड्यातच राहतो. चांगला गुबगुबीत झालाय. गेंडासाहेबांनी वहीत शेवटची ओळ लिहिली आहे, 'सरडा थर्मामीटरशी जुळवून घेऊ लागला. प्रकरण बंद.'

तात्पर्य: मोजमाप कधीच चुकत नाही, आपणच चुकीच्या जागी राहतो. ज्याला जगायचे आहे, त्याने थर्मामीटर जिथे ठेवलाय तिथे बिऱ्हाड हलवावे.