वाऱ्याचा वैरी

शेडच्या झरोक्यातून इंदलचं मुंडकं बाहेर आलं होतं. तोंड वासलेलं, डोळे फिरलेले, आवाज फुटत नव्हता. मी गिरणीत ज्वारी दळत होते. आधी वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. मग त्याच्या तोंडाचा फेस दिसला. गिरणी बंद करून शेडकडे गेले, तर दार आतून बंद. भगवान मास्तर आतच होता. हाका मारल्या, ओ नाही. पहार आणली आणि दार फोडायला लागले.

दार बंद का होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला मास्तर कळायचा नाही.

तो आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा नव्हता. कुठल्याशा कारखान्यात पुष्कळ वर्षं मिग वेल्डिंग करून आला आणि माझ्या गिरणीमागची शेड भाड्याने मागितली. गिरणीला तीन फेजची लाईन होती, तीच त्याला हवी होती. पोरांना शिकवून कारखान्यात लावून देतो म्हणाला.

मी म्हटलं, "वेल्डिंग तर नाक्यावरचा लोहारबी करतो. झाडाखाली बसून."

त्याला राग आला. "बाई, ते रॉडचं. ह्यात तार आपसूक येती, आन गॅस तिच्यावर पांघरूण घालतो. वारा आला की पांघरूण उडालं. मंग जोडाला जाळी पडती, अनारशावानी."

वाऱ्याशी त्याचं वैरच होतं. खिडकीला पोती शिवलेली, दाराच्या फटीत गोधड्या कोंबलेल्या. उन्हाळ्यात पंखा लावायचा नाही. बाहेर कुणी शिंकलं तरी आतून ओरडायचा, "वारा बंद!" हिंगोलीला जाताना जीपवाल्याला काचा लावायला सांगायचा. त्या जीपला काचाच नव्हत्या.

शिकवणंही तसलंच. पहिले कितीतरी दिवस वेल्डिंगची गन हातात द्यायचा नाही. आधी माझ्या अंगणात रांगोळी. मिशा फुटलेले गडी उकिडवे बसून रेघा ओढायचे आणि चुका मी काढायच्या. "जाड-बारीक झाली, पुस." मला दुसरी कामं नव्हती काय? पण मास्तर ऐकेल तर ना. बाजाराच्या दिवशी तो पोरांना भज्याच्या कढईपाशी डोळे मिटून उभं करायचा. मिग बराबर चालली की तसाच तडतड आवाज येतो म्हणे.

भजेवाला कावायचा. "मास्तर, भजे घेता का नुसते ऐकता?"

"नुसते ऐकून राहिलो. तेल थंड हाय तुझं."

इंदल तांड्यावरचा. दर साल बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. त्या साली औरंगाबादच्या एका कारखान्याने त्याला सोमवारी परीक्षेला बोलावलं होतं. पास झाला तर नोकरी, नाहीतर पुन्हा कोयता. जोड चांगला यायचा त्याचा, पण शेवटाला जाळी पडायची. मास्तर म्हणाला, "कुठून तरी वारा येऊनच राहिला." शनिवारी त्याने राहिलेल्या फटीही बुजवल्या, झरोक्यावर पोतं ठोकलं, दाराला अडसर घातला. त्या पांघरुणाच्या गॅसच्या सिलिंडरची नळी सैल झाली होती. त्या गॅसला वास नसतो. हिस्स आवाज आला असेल, तो माझ्या गिरणीत बुडाला.

दार फुटलं तेव्हा मास्तर टेबलाच्या पायाशी पालथा पडला होता. बाजारातली माणसं धावून आली. दोघांना बाहेर ओढलं, जीपमध्ये घातलं, हिंगोलीला नेलं.

दवाखान्यात इंदलला बोलता आलं तेव्हा त्याने सांगितलं, "मावशी, मी खाली बसून जोड घेऊन राहिलो होतो. हातपायच गेले. मास्तरला उमगलं. दारापर्यंत जायचा दम त्याच्यातबी न्हवता. मला टेबलावर ढकललं, खालून पाय धरले, म्हणे पोतं फाड आन तोंड बाहेर काढ. मी म्हणलं, तुमीबी या. म्हणे, झरोका एकाचाच हाय."

डॉक्टर म्हणाले, हा गॅस जड असतो, खाली साचतो, श्वासाला हवाच उरत नाही. खाली राहिलेल्याचं कठीण.

मग त्यांनी मास्तरकडे बोट दाखवून विचारलं, "यांच्या घरचं कोण आहे?"

इतक्या सालांत त्याच्याकडे एक माणूस आलेलं मी पाहिलं नव्हतं. सणालाही तो शेडमध्येच भाकरी थापायचा. विचारलं तर म्हणायचा, "तकलीफ कशाला कोणाला?"

शेजारच्या खाटेवरून इंदलने हात वर केला. "मी हाय."

"अरे, तू तर स्वतःच पेशंट आहेस."

"मंग काय झालं? मीच हाय."

मास्तरच्या नाकाला नळी होती. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. झोपला असेल म्हणून मी पांघरूण नीट करायला गेले, तर उशी ओली होती. बाहेर जाऊन चहा घेतला.

सोमवारी मास्तरने इंदलला खाटेवरून हाकलून परीक्षेला पाठवलं. तो पास झाला.

त्या शेडमधून दोन माणसं जिवंत निघाली. इंदल आणि भगवान मास्तर.